पावणेदोन हात माती

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी राहतो ते बेव्हर्ली पार्क ही मीरा रोड पूर्वेची वसाहत. नाव विलायती, जमीन मात्र अस्सल खाडीची. आमच्या इमारतीच्या मागे एका टॉवरचा पाया खणायला घेतला होता. पायलिंगचं यंत्र दिवसभर घरघरायचं. शेजारीपाजारी आवाजाने वैतागून गेले होते. मी मात्र गॅलरीत उभा राहून यंत्राच्या पात्याला चिकटून काय वर येतं ते बघत असे. आधी आला भराव : तांबूस मुरूम, विटांचे तुकडे, राबीट. त्याखालून निळसर काळा, वास मारणारा चिखल आणि त्यात शिंपल्यांचा चुरा. मग पिवळट ठिसूळ मुरूम. आणि एका दुपारी यंत्राचा आवाजच बदलला. कातळ लागला होता.

असाच एक खड्डा मी दोन महिन्यांपूर्वी पाहिला होता. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, अब्बांच्या कबरीचा. वर काळीभोर माती, तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे, आणि त्याखाली मुरूम. कबर खणणारे चाचा म्हणाले, "काळीचा भरवसा नाही बाबा. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बसते. मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं." तीन मुठी माती देऊन आम्ही परतलो. आपल्या मराठीत मयतीला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात. त्या दिवशी मी खरोखरच मातीला गेलो होतो.

चाळिसावा झाला आणि मोठ्या भाईंचा फोन आला. वीटभट्टीवाला आमच्या तीन एकरांतली वरची माती मागत होता. "फक्त दीड फूट काढणार आहे. जमीन आपलीच राहते. विहिरीचं कर्ज फिटेल. तू सही कर आणि मोकळा हो." मी म्हटलं, "भाई, आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत मी जे वाचलं, जे पूर्वी वाचलेलं पुन्हा आठवलं, ते आज तुम्हाला सांगतो आहे.

सुरुवात फार मागून करावी लागेल. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुनःपुन्हा, थरावर थर. आज त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. रायगड, सिंहगड, कळसूबाई, वेरूळचं कैलास लेणं, अंधेरीची गिल्बर्ट हिल, सगळी त्याच लाव्ह्याची लेकरं. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो, भूगोलाच्या पुस्तकात तो बेसॉल्ट. 'काळ्या दगडावरची रेघ' असं आपण न पुसल्या जाणाऱ्या गोष्टीला म्हणतो. पण गंमत अशी, की हा काळा दगडच पुसला जातो. सावकाश जातो, इतकंच.

कसा जातो? दिवसा तापतो, रात्री निवतो, त्याला बारीक चिरा पडतात. चिरेत पाणी शिरतं, पिंपळाचं मूळ शिरतं. घाटातून जाताना रस्त्याच्या कडेला कापलेल्या डोंगरात गोल गोल धोंडे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. ते पाहा, दगडाची माती होताना डोळ्यांना दिसण्याची ती उत्तम जागा. पण खरं काम पावसाचं. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन येतो, जमिनीत मुळांच्या श्वासातून त्याला आणखी मिळतो, आणि त्याचं फिकट आम्ल बनतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच. ते दगडातल्या खनिजांना कुरतडतं. चुना विरघळून निघतो, लोखंड गंजतं, आणि उरलेल्यातून चिकणमाती तयार होते. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही या कामात आहे. दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी ही जात. दगडावर बसली की आम्ल सोडून त्याला हळूहळू पोखरते.

एकच दगड, पण सह्याद्रीच्या दोन बाजूंना त्याच्या दोन वेगळ्या माती झाल्या. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. तो दगडातलं विरघळणारं सगळं धुऊन नेतो. चुना जातो, पोटॅश जातं, वाळूचा मुख्य घटक सिलिकासुद्धा जातो. मागे उरतं ते न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा. टिपूचा पाडाव झाल्यावर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरला दक्षिणेच्या पाहणीला धाडलं. मलबारात अंगाडिपुरमजवळ त्याने हा दगड पाहिला. जमिनीत असताना मऊ, लोखंडी हत्याराने कापावा, आणि हवा लागली की विटेसारखा टणक. १८०७ साली छापलेल्या ग्रंथात त्याने त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आमचे कोकणातले चिरेखाणवाले हे त्याच्या किती तरी आधीपासून जाणत होते.

देशावर पाऊस पाचशे-सातशे मिलिमीटर. तो दगड कुजवायला पुरतो, धुऊन न्यायला पुरत नाही. विरघळलेला चुना खाली जाऊन खड्यांच्या रूपात थिजतो. अब्बांच्या कबरीत मी पाहिले ते हेच खडे. आणि वर तयार होते ती स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. वहीच्या पानांसारखी तिची रचना. पानांमध्ये पाणी शिरलं की फुगते, सुकलं की आक्रसते. मे महिन्यात काळीला ज्या भेगा पडतात त्या यामुळे. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसात जमीन फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. म्हणून जुने शेतकरी म्हणत, काळी आपली आपणच नांगरते. तिचा रंग पाहून पुष्कळांना वाटतं, हिच्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर असणार. तसं नाही. सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमीच असतो. तो थोडा अंश चिकणमातीला घट्ट धरून बसतो आणि तिला काळं करतो. म्हणजे काळी दिसते तितकी श्रीमंत नाही. तिची श्रीमंती पाणी धरून ठेवण्यात आहे, आणि ती खोलीवर अवलंबून आहे.

ही गोष्ट सरकारने फार आधी ओळखली होती, आणि ती ओळखली आमच्याच तालुक्यात. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली. विलायतेत शिकलेलं अर्थशास्त्र घेऊन तो आला होता. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. १८३०च्या सुमारास तो लागू झाला आणि कोसळला. आकडे चुकीचे, सारा भारी. इंदापूर तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतलं. १८३६ साली इंदापुरात नवी आकारणी तीस वर्षांसाठी लागू झाली, आणि पुढे १८४७च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

त्यांनी उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला आणि मातीच मोजली. आधी पोत आणि रंग : एकजीव, बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी ही पहिली प्रत, त्याहून भरड, बहुधा तांबडी ही दुसरी, खडेमिश्रित, भुरकट ती तिसरी. मग खोली, आणि ती मोजायची हातात. पहिल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल असेल तर जमीन सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा. सव्वा हाताला बारा, एका हाताला दहा, पाऊण हाताला आठ. अर्ध्या हाताला सहा आणि पाव हाताला साडेचार. त्यातून दोष वजा : चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणं, पाण्याने माती वाहून जाणं. एकेका दोषाला जमीन एक वर्ग खाली. आपल्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो रुपये-पैशांतला आकडा आजही छापलेला असतो, त्याचं मूळ या मोजणीत आहे.

मी कागदावर हिशेब मांडला. हात म्हणजे दीड फूट. भट्टीवाला मागत होता दीड फूट. म्हणजे नेमका एक हात. पावणेदोनातून एक गेला, राहिला पाऊण. सोळा आण्यांची जमीन आठ आण्यांची.

विंगेटची गुणगाणी गाण्याचं मात्र कारण नाही. ते माती मोजत होते ते सारा ठरवण्यासाठी. तीस वर्षांनी मुदत संपली तेव्हा सारा वाढवला गेला. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते, सावकार दाराशी होता. १८७५च्या मे महिन्यात जवळच्या सुप्याला कर्जाचे कागद जाळले गेले. तेच दख्खनचे दंगे. माती किती आहे हे सरकारने पाहिलं होतं. ती येते कुठून आणि जाते कुठे, हा प्रश्न विचारला जायचा होता.

तो १८८३ साली दोघांनी दोन टोकांना विचारला. रशियात दोकुचायेव्ह या संशोधकाने तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि दाखवलं, की माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा नव्हे. खडक, हवामान, झाडंझुडपं व जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि काळ या सर्वांनी मिळून ती घडते. मृदाशास्त्राचा आरंभ तिथून मानतात. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करत होते. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जिवांचं सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरायचं, ते कसं थांबलं आणि चांगली माती कशी वाहून जाते, हे त्यांनी लिहिलं. सरकारच्या रिकाम्या पलटणी आणि पोलीस लावून ताली-बंधारे घाला, पाणी शेतात मुरू द्या, मग ओढ्याला जाऊ द्या, असा उपायही सांगितला. एकाने प्रयोगशाळेची वाट धरली, दुसऱ्याने बांधाची. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे पुढे १८९८ साली लेदर या सरकारी कृषिरसायनज्ञाने भारतातल्या मातीचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मुख्य गट पाडले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला, त्यातून बांधबंदिस्तीला बळ मिळालं. १९७२च्या दुष्काळात अब्बा-अम्मा दोघंही कामावर खडी फोडायला जात. अब्बा हसून सांगायचे, "देवाने हजारो वर्षं घेतली असती, आम्ही चार महिन्यांत केलं. फक्त त्याची माती झाली नाही." ते शाळेत फार गेले नव्हते, पण खडी आणि माती यांतला फरक त्यांनी नेमका सांगितला होता. दगड फुटला म्हणजे माती होत नाही. तो कुजावा लागतो, त्यात जीव यावा लागतो. बोटभर मातीला शेकडो वर्षं लागतात. जेसीबीला एक हात काढायला दोन दिवस पुरतात.

आणि माझ्या खिडकीखालचा तो चिखल? तोही सह्याद्रीच. उल्हास नदी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीत येते. येताना डोंगराची झीज आणते. ती भरतीच्या पाण्यात निवळून खाडीकाठी बसली, तिवरांनी धरून ठेवली, आणि खाजण तयार झालं. भाईंदरच्या लोकांनी तिथे मिठागरं केली. मग शहर आलं. कुठला तरी डोंगर फोडून मुरूम आणला, खाजणावर टाकला, आणि त्यावर आम्ही तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहायला आलो. आमच्या भिंतींतल्या विटा कुणाच्या शेतातल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता कुंडीत कोथिंबीर लावायची तर नर्सरीतून लाल मातीची गोण विकत आणतो.

आठ दिवसांनी भाईंना फोन केला. पावणेदोन हातांचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिशेब मला कळतो रे. रोज तिच्यात उभा मी असतो, तू नाही. पण बँकेचा माणूस विंगेटसाहेबाला ओळखत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लांब राहून माती वाचवा म्हणणं सोपं असतं. शेवटी ठरलं ते असं, की भट्टीवाला जेवढे देत होता तेवढे मी द्यायचे. कवितेच्या मानधनातून नव्हे अर्थात, त्यात गोणभर लाल मातीच येते. फंडातून काही दिले, बाकीचे हप्त्याने देतो आहे. घरात यावरून बोलणी झाली, ती इथे सांगत नाही.

यंदा मेमध्ये गावी गेलो. जमीन भेगाळलेली होती. भाई एका भेगेशी बसले, तुरीची काडी आत सोडली, बाहेर काढून कोपरापासून बोटांपर्यंत मोजली. एकदा, आणि मग आणखी थोडी.

"पावणेदोन आहे," ते म्हणाले. "वर दोन बोटं."