मेन हंटिंग शू

मेन हंटिंग शू हा अमेरिकेच्या मेन राज्यात विकसित झालेला शिकारी बुटाचा एक प्रकार आहे. पावलाभोवतीचा खालचा भाग रबराचा आणि त्यावरचा भाग मऊ चामड्याचा, अशी त्याची रचना असते. लिऑन लिऑनवुड बीन (१८७२–१९६७) यांनी १९११ मध्ये हा बूट तयार करवून घेतला व १९१२ मध्ये टपालाद्वारे त्याची विक्री सुरू केली. या एकाच वस्तूच्या विक्रीतून एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. विकल्या गेलेल्या पहिल्या १०० जोडांपैकी ९० जोड शिवण तुटल्यामुळे परत आले होते. त्या अपयशानंतर रबर व चामडे यांच्या जोडावर झालेले काम हेच या बुटाच्या टिकाऊपणाचे मूळ मानले जाते. याच घडणीच्या, दैनंदिन वापरासाठीच्या बुटास 'बीन बूट' म्हणतात.

पार्श्वभूमी

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे राज्य असून त्याचा बहुतांश भाग जंगल, सरोवरे आणि दलदलीने व्यापलेला आहे. तेथील हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये असतो. या काळात पाऊस, चिखल आणि वितळणारा बर्फ यांमुळे जमीन सतत ओली राहते. पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे थंडीत पाय भिजणे केवळ गैरसोयीचे नसते. भिजलेली त्वचा नरम पडून फोड येतात आणि तापमान गोठणबिंदूखाली गेल्यास हिमदंशाचाही धोका संभवतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकाऱ्यांसमोर दोन प्रमुख पर्याय होते. संपूर्ण चामड्याचे बूट पायाला चांगले बसत व घोट्याला आधार देत. मात्र काही तासांच्या ओल्या चालीनंतर ते पाणी शोषून जड होत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यानंतर संपूर्ण रबराचे बूट प्रचारात आले होते. हे गमबूट बाहेरचे पाणी अडवत, परंतु आतील घामही बाहेर जाऊ देत नसत. त्यामुळे लांब पल्ल्याच्या चालीत पाय आतूनच ओले होत.

इतिहास

१९११ मध्ये शिकारीहून ओल्या व दुखऱ्या पायांनी परतल्यावर बीन यांनी दोन्ही प्रकार एकत्र करण्याचा विचार केला. स्थानिक चर्मकाराकडून त्यांनी रबरी पादत्राणाच्या तळभागावर हलक्या चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. पाणी साधारणतः पावलापर्यंत लागते, तर चालताना वाकतो तो घोटा; त्यामुळे पावलाला रबर आणि घोट्याला चामडे अशी ही विभागणी होती.

१९१२ मध्ये फ्रीपोर्ट येथे भावाच्या कापड दुकानाच्या तळघरातून त्यांनी व्यवसाय आरंभला. मेनमध्ये शिकारीचा परवाना घेतलेल्या परराज्यांतील व्यक्तींची यादी मिळवून त्यांनी त्यांना तीन पानी माहितीपत्रक पाठविले. बूट समाधानकारक न वाटल्यास पैसे परत करण्याची हमी त्यात होती.

या हमीची कसोटी लगेच लागली. रबराच्या कडेला घातलेले टाके ताणामुळे रबर फाडून सुटू लागले आणि पहिल्या १०० पैकी ९० जोड परत आले. बीन यांनी सर्वांचे पैसे परत केले. त्यानंतर कर्ज काढून त्यांनी अधिक मजबूत रबरी तळ बनवून घेतले आणि सुधारित बूट पुन्हा विक्रीस आणला. १ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकेत पार्सल टपालसेवा सुरू झाल्याने अशा विक्रीस मोठा हातभार लागला.

रचना

बुटाचा खालचा भाग पावलाच्या आकाराच्या एकसंध रबरी वाटीसारखा असतो. पाणी शिरू शकेल असा सांधा जमिनीलगत राहत नाही, हा त्याचा मुख्य लाभ होय. चामड्याचा भाग या वाटीच्या कडेला अनेक ओळींच्या शिवणीने जोडलेला असतो. ताण एका ओळीवर न येता विभागला गेल्याने रबर फाटण्याची शक्यता घटते. तळव्यावर साखळीच्या कड्यांसारखी नक्षी असते, तर तळाच्या आत पावलाच्या कमानीला आधार देणारी पोलादी पट्टी बसविलेली असते.

शिकारीसाठीच्या मूळ प्रकाराचा तळ तुलनेने मऊ व लवचीक असतो. पायाखालची फांदी किंवा दगड जाणवत असल्याने आवाज न करता चालणे शक्य होते. बीन बुटाचा तळ अधिक कडक असून तो रस्त्यावरील वापरात कमी झिजतो. बुटाची उंची इंचांमध्ये मोजली जाते. उंच बूट खोल चिखलात उपयुक्त ठरतो, मात्र त्याचे वजन वाढते.

योग्यता व मर्यादा

हा बूट सपाट किंवा मध्यम चढाच्या, ओल्या वनप्रदेशासाठी योग्य समजला जातो. खडकाळ डोंगराळ भागात मऊ तळ आणि घोट्याला मिळणारा मर्यादित आधार अपुरा पडतो. तेथे जाड तळाचे, संपूर्ण चामड्याचे बूट अधिक उपयुक्त असतात. अस्तर नसलेला बूट चालताना पुरेसा उबदार वाटतो, परंतु एका जागी तासन्‌तास बसून करावयाच्या शिकारीत पाय गारठतात. म्हणून उष्णतारोधक अस्तराचे प्रकारही बनविले जातात. पाणी रबराच्या कडेच्या वर गेल्यास शिवणीतून आत शिरू शकते.

मापाची पारखही महत्त्वाची असते. प्रत्यक्ष वापरात जे लोकरीचे पायमोजे घालावयाचे, तेच घालून बूट पाहणे इष्ट ठरते. टाच वर सरकत असल्यास घर्षणाने फोड येतात, तर बोटे दाबली गेल्यास रक्ताभिसरण मंदावून पाय लवकर थंड पडतात.

निगा व दुरुस्ती

भिजलेला बूट शेकोटीजवळ वाळविल्यास चामडे आक्रसून तडकते. म्हणून तो सावलीत सावकाश वाळवितात. चामड्याला वेळोवेळी मेणयुक्त लेप लावला जातो. ऊन आणि खनिज तेल यांमुळे रबर कालांतराने भेगाळते. अशा वेळी चामड्याचा भाग सुस्थितीत असल्यास त्याला नवा रबरी तळ जोडता येतो. दोन भाग वेगवेगळे असल्याचा हा दीर्घकालीन फायदा होय.

हमी आणि तिच्यातील बदल

पहिल्या ९० जोडांच्या परताव्यानंतर ग्राहकाचे समाधान होईपर्यंतची हमी ही कंपनीची ओळख बनली. पुढे अनेक दशके वस्तू परत करण्यास कालमर्यादा नव्हती. काही लोक जुन्या बाजारातून घेतलेल्या किंवा वापरून झिजलेल्या वस्तू परत करू लागल्याचे कारण देत कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये ही मुदत १ वर्षावर आणली. त्यानंतर केवळ वस्तूतील दोषाच्या तक्रारींचा स्वतंत्रपणे विचार केला जातो. या निर्णयावर ग्राहकांकडून टीकाही झाली.

शिकारीपलीकडील वापर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा बूट ईशान्य अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पेहरावाचा भाग बनला. २०१४ च्या हिवाळ्यात बीन बुटांची मागणी उत्पादनापेक्षा बरीच वाढल्याने ग्राहकांना दीर्घ काळ वाट पाहावी लागली. हे बूट आजही मेन राज्यातच तयार होतात.