शाळेतला चेंडू आणि जगाचा चषक



आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो दिवस १ जुलै १९९८. त्या दिवसांत तिकडे फ्रान्समध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. १२ जुलैला अंतिम सामन्यात फ्रान्सने ब्राझीलला तीन-शून्य हरवलं. शहाद्या-तळोद्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्यातल्या कुणी मध्यरात्रीनंतर जागून तो पाहिलाही असेल. अक्राणीतल्या कितीतरी पाड्यांवर तेव्हा वीजच नव्हती. तिथे चषक आला काय नि गेला काय, सारखंच.

आता नातवाच्या मोबाईलवर सामना चालतो आणि शेजारी भाकऱ्या थापणाऱ्या आजीलाही मेस्सीचं नाव ठाऊक असतं. पण जगाचा खेळ असा बघून माणूस आपल्या गावच्या, आपल्या तालुक्याच्या संघाला बघायला मैदानावर जातो का? मला हा प्रश्न बरेच दिवस पडला होता, म्हणून जुन्या गोष्टी धुंडाळल्या.

आधी कोल्हापूर. तिथे तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा तर आहेच, पण गल्लीची, पेठेची बैठकही आहे. याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाय प्रॅक्टिस क्लब आणि शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकडे लोटते. कधी कधी हाणामारीपर्यंतही जातं, ते लपवण्यात अर्थ नाही. विश्वचषक आला की याच गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंचे मोठमोठे फलक उभे राहतात. म्हणजे कोल्हापूरकरांना फुटबॉल टीव्हीने शिकवला नाही. आपल्या तालमीसाठी ओरडायची सवय आधीची, परक्या देशासाठी ओरडणं त्यावरचं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या शहरात गल्लीगल्लीत संघ आहेत, तिथून पोरगा निघाला याचं मला नवल वाटत नाही.

तालमींचे हे संघ पुरुषांचे. बायकांची गोष्ट बघायची तर इंग्लंडला जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या ‘डिक, कर’ नावाच्या कारखान्यात दारूगोळा तयार होई. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळायच्या. त्यातून संघ झाला. जखमी सैनिकांसाठी निधी गोळा करायला त्यांनी सामने खेळायला सुरुवात केली. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली आणि जागा नाही म्हणून कितीतरी हजार बाहेर राहिली. तेव्हा टीव्ही नव्हता. बायकांचा पहिला विश्वचषक भरायला अजून ७१ वर्षं होती. तरी लोक आले.

पुढे काय झालं? एक वर्षही सरलं नव्हतं, ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. मैदान काढून घेतलं की गर्दी आपोआप संपते.

बंदी उठल्यावर सगळं पुन्हा शून्यातून उभं करावं लागलं. २०२२ मध्ये इंग्लंडच्या बायकांनी युरोपचा चषक जिंकला. अंतिम सामन्याला ८७ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. पुढच्या हंगामात तिथल्या बायकांच्या लीगच्या सामन्यांना सरासरी गर्दी जवळजवळ तिप्पट झाली. म्हणजे मोठी स्पर्धा माणसं मैदानावर आणू शकते. मात्र एक गोष्ट आधीपासून होती. चषक जिंकणाऱ्या बहुतेक मुली तिथल्याच क्लबांत खेळत होत्या. टीव्हीवर पाहिलेली मुलगी थोड्याच दिवसांत आपल्या शहरात खेळताना दिसणार होती, आणि तो क्लब घरातल्या आजोबांच्याही ओळखीचा होता.

अमेरिकेत उलटं झालं. १९९९ मध्ये तिथे बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला ९० हजार लोक आले. त्या जोरावर २००१ मध्ये नवी लीग काढली, मोठ्या शहरांत नवे संघ बनवले. २००३ मध्ये पैसे संपले आणि लीग बंद पडली. लाट होती, पण ती जिरायला जमीन तयार नव्हती.

आता आपल्याकडे या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होते. अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेन जिंकलं. भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या: अमेरिकेकडून आठ-शून्य, मोरोक्कोकडून तीन-शून्य, ब्राझीलकडून पाच-शून्य. पण मी त्या संघाकडे वेगळ्या नजरेने बघते. कर्णधार होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. संघात झारखंडच्या सहा जणी होत्या. अस्तमच्या गावाकडे तेव्हा रस्ता बांधायला घेतला होता आणि त्याच रस्त्यावर तिचे आईबाप मजुरीला होते, अशी बातमी त्या वेळी आली होती. लेकीचा सामना बघता यावा म्हणून प्रशासनाने त्यांच्या घरी टीव्ही बसवला.

सातपुड्यासारख्याच डोंगराळ, गरीब मुलुखातून सहा मुली कशा पोचल्या? झारखंडच्या गावांत फुटबॉलच्या स्पर्धा भरतात, त्यांना ‘खस्सी’ स्पर्धा म्हणतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो. बघायला सगळं गाव असतं. पोरीसोरी ते बघत मोठ्या होतात आणि पुढे निवासी क्रीडा केंद्रांत जातात.

आपल्याकडे आश्रमशाळांच्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल जोरात चालतात. आपल्या मुलींच्या पायांत दम नाही असं कुणी म्हणू नये. घाट चढून पाण्याचा हंडा आणणारीला धावायला काय शिकवायचं! अडचण वेळेची आहे. संध्याकाळी मुलगा मैदानावर असतो, मुलगी पाण्याला नाहीतर चुलीपाशी असते. स्पेनचा सामना कितीही बघितला तरी तो तास तिला मिळत नाही. तो घरातल्या बाईनेच काढून द्यायचा असतो, म्हणजे तुम्ही-आम्ही.

एक आठवण करून देते. २०१७ च्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबरला, सरकारने राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला होता आणि शाळांना चेंडू वाटले होते. तुमच्या शाळेला मिळाला होता का, आता कुठे आहे, एवढं गुरुजींना विचारा. कपाटात असला तर हवा गेलेली असणार. सायकलच्या दुकानातल्या पंपाने भरता येते, फक्त फुटबॉलची वेगळी पिन लागते. पिन महाग नसते, गटाच्या पैशातून घेता येईल.

आणि दोन पाड्यांच्या मुलींचा सामना ठरला तर दिवस, वेळ आणि मैदान आपल्या केंद्राला आधी कळवा. बाजारभावाच्या आधी इथूनच सांगू, म्हणजे बघायला कुणी यायचं राहणार नाही.