रेणूंचे चित्र आणि कामगाराचे डोळे

रसायनशास्त्र शिकविणाऱ्यापुढे पहिली अडचण अशी की, त्याचा विषय डोळ्यांना दिसत नाही. मग श्रोत्यांना दाखवायचे काय?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मेणबत्ती दाखविली. हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. मेणबत्तीवरील त्याची मुलांसाठीची व्याख्याने १८६१ साली ग्रंथरूपाने निघाली. ज्योतीवर थंड भांडे धरले की पाण्याचे थेंब जमतात, हे श्रोत्यांनी पाहिले. परंतु ते पाणी जुळून कसे आले, हे कुणालाच दिसले नाही.

ते दाखविण्याचा यत्न १८६५ साली त्याच संस्थेत हॉफमनने केला. क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून त्याने रेणू उभे केले. कर्ब काळा, हायड्रोजन पांढरा, प्राणवायू तांबडा, नायट्रोजन निळा. आज संगणकावरच्या हलत्या स्लाइडांत बव्हंशी हेच रंग दिसतात. मात्र हॉफमनचा मिथेन सपाट होता. चारही पांढरे चेंडू एकाच पातळीत! कर्बाचे चार हात चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असतात, हा विचार व्हान्ट हॉफने १८७४ साली मांडला. म्हणजे चित्राने समजाविलेही आणि चकविलेही.

हलत्या स्लाइडांचेही तसेच आहे. बंध तुटताना आणि जुळताना त्या दाखवितात. हे खडू-फळ्याला साधत नाही. पण अणूंना असे रंग नसतात आणि निमिषार्धात घडणारे पडद्यावर सावकाश घडते, हे व्याख्यात्याने सांगितलेच पाहिजे. आणि जे मेजावर करून दाखविता येते, ते करूनच दाखवावे.

मात्र सारेच मेजावर करता येत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. अभिक्रियेने उष्णता वाढली, उष्णतेने अभिक्रिया अधिकच भडकली, दाब चढला आणि विषारी वायू झोपलेल्या वस्तीवर पसरला. हजारो माणसे मेली. अशा टाकीच्या पोटात काय चालते, याचे चित्र तिच्यापाशी उभ्या असणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांपुढे आधीपासून हवे. ते महाविद्यालयाच्या पडद्यावरच राहून कसे भागेल? कारखान्याच्या दारी आणि अशा व्याख्यानमंडपातही ते आले पाहिजे.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली, म्हणून फॅरडेला डेव्हीची व्याख्याने ऐकता आली. ज्ञानाचे दार अशा योगायोगावर सोडता कामा नये.