चांद सुलतानाची एक रात्र आणि आजच्या बँका

नगरच्या किल्ल्यात लोक नेहरूंची खोली पाहायला जातात. १५९६ मध्ये तट कुठे कोसळला, हे मात्र कोणी विचारत नाही. तारखेच्या विद्यार्थ्याला खरे तर तीच जागा आधी पाहावीशी वाटायला हवी.

१५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्या मोगल फौजेने नगरला वेढा घातला. भोवती खंदक, दगडी तट मजबूत. तेव्हा मोगलांनी जमिनीखालून वाट काढली. फरिश्ता लिहितो की तटाखाली पाच सुरुंग खणून त्यांत बारूद भरली गेली. (हा फरिश्ता तरुणपणी इथल्याच निजामशाहीच्या पदरी होता, म्हणून त्याचे ऐकावेसे वाटते.) सुरुंगांना बत्ती देण्याच्या आदल्या रात्री मोगल छावणीतलाच ख्वाजा मुहम्मद खान शिराझी तटापाशी आला आणि सुरुंगांच्या जागा सांगून गेला. एवढी शूर माणसे मरावीत, हे त्याला पाहवेना.

किल्ल्यातल्या लोकांनी आतून उलट खणायला सुरुवात केली. दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यातली बारूद काढत असतानाच मोगलांनी तो उडवला. खणणारे ठार झाले आणि सुमारे पन्नास गज तट पडला. चिलखत घातलेली, चेहऱ्यावर नकाब घेतलेली चांद सुलताना नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ला थोपवला आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. पुढे तह झाला, वऱ्हाड गेले, नगर राहिले.

शत्रू कुठून आणि कसा खणतो, हे त्या लोकांना एका रात्रीपुरते कळले होते. आज ही माहिती छापून मिळते. मायटर या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये सायबर हल्लेखोरांच्या पद्धतींची एक यादी बनवायला घेतली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ॲटॅक हे तिचे नाव. कोणती टोळी आत कशी शिरते, पासवर्ड कसे उचलते, माग कसा पुसते, सगळे त्यात आहे. ही यादी हाती घेऊन, मालकाच्या लेखी परवानगीने, त्याच टोळीची पावले त्याच क्रमाने टाकून पाहणारे लोक असतात. साध्या तपासणीत भोके शोधली जातात. इथे पाहिले जाते की पहारेकरी जागा आहे का.

गरज किती होती, ते पुण्याने पाहिले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून अवघ्या दोन-अडीच तासांत पैसे काढले गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत आपला खोटा स्विच बसवला होता. कार्डाची विचारणा मूळ बँकेपर्यंत जातच नव्हती, मधला खोटा स्विचच 'द्या' म्हणून उत्तर देत होता. १३ ऑगस्टला स्विफ्टमधून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या प्रकरणाचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. असा खोटा स्विच आधी स्वतःच सरावात बसवून पाहिला असता, तर किती मिनिटांत कोणी ओरडले असते? मला हा प्रश्न दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नगरची गोष्ट १५९६ ला थांबत नाही. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले, पुन्हा सुरुंग खणले. चांद सुलताना बोलणी करायच्या विचारात होती. हमीद खानाने तिला फितूर ठरवले आणि तिच्याच माणसांनी तिला मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरुंग उडाले आणि किल्ला पडला.