एकच भाव

किंमत उतरली की मागणी किती वाढते, हे मोजायचं माप म्हणजे मागणीची लवचिकता. आल्फ्रेड मार्शल यांनी ती कल्पना १८९० मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मधून रूढ केली. आणि ज्याच्या किमतीत दुकानदाराला एक पेनीही सोडायची मुभा नव्हती, असं इंग्लंडमधलं पहिलं पुस्तक हेच: १२ शिलिंग ६ पेन्स, नेट! हा दुवा हाती लागल्यापासून मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याआधी सवलतीला धरबंद नव्हता. विक्रेत्यांनी आपसात सवलतीवर घातलेली बंदी १८५२ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या लवादाने अमान्य केली. डिकन्सही खुल्या व्यापाराच्याच बाजूने होते. मग शिलिंगमागे तीन पेन्स, म्हणजे पाव किंमत सोडायची रीतच पडली. छापील १६ शिलिंगांचं पुस्तक १२ ला. प्रकाशक ही सूट आधीच किमतीत चढवत, म्हणजे वाचकाला त्याचेच पैसे परत मिळत. दुकानदाराला मात्र काही सुटत नसे. कागद-पेन्सिली आणि शोभेच्या वस्तूंवर त्याचं दुकान चाले.

मार्शलचे प्रकाशक फ्रेडरिक मॅकमिलन यांनी ही रीत मोडायला मार्शलचाच ग्रंथ का घेतला? माझ्या मते, असा जाडजूड ग्रंथ ज्याला हवा तो दोन-तीन शिलिंगांसाठी अडून बसत नाही. जिथे मागणी सर्वांत कमी लवचिक, तिथेच प्रयोग! मार्शलचा सिद्धान्त त्याच्याच पुस्तकावर आधी लागू झाला.

कोणी म्हणेल, पहिलेपणाचा मान लाइपझिगचा. तिथल्या जर्मन पुस्तकव्यापार संघटनेने १८८८ मध्येच छापील किंमत बंधनकारक केली होती. खरं आहे. पण तिथे संघटनेने सगळ्यांवर एकदम नियम घातला. मॅकमिलन एकेक पुस्तक निवडत गेले. मला ही स्वतंत्र वाटच दिसते.

१९०० पासून हा नेट भावाचा नियम इंग्लंडमधल्या सर्व पुस्तकव्यवसायाचा करार झाला, १९६२ मध्ये न्यायालयातही टिकला, १९९५ मध्ये कोसळला. त्या कोसळण्याचा अर्थ २००७ मध्ये लख्ख दिसला. हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक, छापील किंमत १७.९९ पौंड, आस्दाच्या सुपरमार्केटात ५ पौंडांना. छोट्या दुकानदाराला ते घाऊक भावातही इतक्यात मिळत नव्हतं. वर्षभर कवितासंग्रह आणि जुने ग्रंथ फळीवर सांभाळायचे ते अशाच एखाद्या धडाक्याने खपणाऱ्या पुस्तकाच्या जोरावर, आणि नेमकं तेच त्याच्या हातून गेलं.