शिळा, खिळे आणि वेबपान

मित्रहो, विश्रांतवाडीतून रोज सकाळी येरवड्याला, खराडीला संगणकाच्या कंपन्यांत जाणारी बरीच मुलं आज समोर बसली आहेत. त्यांच्या कामातला एक छोटासा प्रश्न आपण इतिहासाच्या अंगानं पाहू. वेबपानावरची वस्तू, म्हणजे परिच्छेद, तक्ता, बटण, प्रोग्रॅममधून घडवायची कशी?

याचा एक जुना भाऊबंद आपल्याकडे आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं, ते शिळाछापावर. शिळेवर अख्खं पान एकसंध उतरायचं. तेच अक्षर पुढच्या पानाला हवं, तर पुन्हा हातानं लिहा. पुढे त्यांनी स्वतःचे खिळे पाडले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. आता पान सुट्या भागांचं झालं. जुळारी एक खिळा उचलतो, दुसरा बसवतो, बाकीचं पान जागेवर राहतं. आमच्या न्यायदर्शनात अवयव आणि अवयवी असा विचार आहे, तो इथे आठवतो.

वेबपानालाही या दोन वाटा मिळाल्या. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट तयार केली. पहिली वाट अशी : खुणा आणि मजकूर एकत्र चिकटवून एक लांब ओळ करायची आणि ती ब्राउझरच्या हवाली करायची. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ मधल्या ‘इनर-एचटीएमएल’नं हे फारच सोपं केलं. दुसरी वाट ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘डॉम’ या मानकानं पक्की केली. त्यात पान म्हणजे झाड. प्रत्येक घटक वेगळा निर्माण करायचा, त्यात मजकूर ठेवायचा, मग फांदीला जोडायचा. रीत चोख, पण कंटाळवाणी. साध्या तक्त्याला दहाबारा आज्ञा! लोक पहिल्या वाटेनं गेले, यात नवल नाही.

पण पहिल्या वाटेत शब्द आणि आज्ञा यांतला भेदच पुसला जातो, बरं का. कुणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी आज्ञा लिहिली, तर ती आज्ञा म्हणूनच पाळली जाऊ शकते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर हेच घडलं. लोकांनी लिहिलेला मजकूर तिथे खुणांसकट पानात जाई. गाळणी होती, पण तिला भोकं होती. सॅमी कामकार यानं आपल्या पानावर ठेवलेला कोड बघणाऱ्याच्या पानावर आपोआप उतरत गेला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पोहोचला. दुसऱ्या वाटेत मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला जातो. त्यात टोकदार कंस असले, तरी ते नुसते दिसतात. दुव्याचा पत्ता मात्र तिथेही तपासावाच लागतो.

त्याच २००५ मध्ये बॉब इप्पोलितो यांची ‘मोचीकिट’ ही लहान लायब्ररी आली. तिच्यात परिच्छेद, तक्ता, ओळ अशा घटकांसाठी एकेक फंक्शन. एकात दुसरं ठेवत गेलं की पानाचा आकार कोडमध्येच दिसू लागतो. २००६ मध्ये जॉन रेसिग यांची ‘जेक्वेरी’ आली. तिनं दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या : ‘टेक्स्ट’ म्हटलं तर शब्द, ‘एचटीएमएल’ म्हटलं तर खुणा. २०१३ मध्ये ‘रिअ‍ॅक्ट’ आलं आणि त्यात मजकूर मजकूर म्हणून ठेवणं हाच मूळ नियम झाला.

या लायब्रऱ्यांनी टंकलेखन वाचवलं, हे आपण सगळेच सांगतो. आमच्या मते त्यांचं खरं काम वेगळं आहे. बरोबर वाट १९९८ पासून उपलब्ध होती, ती अवघड होती म्हणून ओस पडली होती. या लायब्रऱ्यांनी ती सोपी केली. नीतीच्या क्षेत्रातही आपण उपदेश फार करतो, सोय कमी करतो. तेव्हा उद्या कामावर गेलात की आपल्या कोडमध्ये एवढं बघा : दुसऱ्यानं लिहिलेलं नाव पानात नेमकं कोणत्या वाटेनं येतंय?