शिंदे, होळकर आणि मत्सर

आपल्या परंपरेने माणसाचे सहा शत्रू सांगितले आणि त्यांत मत्सराला अखेरचे स्थान दिले. पहिल्या पाचांची कबुली मनुष्य केव्हा ना केव्हा देतो. रागीट मनुष्य आपला राग अभिमानाने सांगतो. लोभी मनुष्य स्वतःला व्यवहारी म्हणवून घेतो. परंतु ‘मला अमक्याचा हेवा वाटतो’ असे मोकळेपणाने सांगणारा क्वचितच आढळतो. त्यामुळे या विकाराचा इतिहास लिहिणे कठीण होते. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव सापडत नाही. सापडतात त्या मानपानाच्या तक्रारी, वाटणीचे वाद आणि न्यायाची मागणी. मत्सर नेहमी असा दुसऱ्याचा अंगरखा घालून वावरतो.

मराठ्यांच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण शिंदे आणि होळकर या दोन घराण्यांचे आहे. ग्वाल्हेर आणि इंदूर येथील मराठी श्रोत्यांना ही नावे घरचीच आहेत. ‘शिंदे-होळकर’ हा शब्द आपण एका श्वासात उच्चारतो, आणि माझ्या मते सारे मर्म त्या जोडशब्दातच आहे. राणोजी शिंदे कण्हेरखेडचे, मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. दोघेही थोरल्या बाजीरावांच्या पदरी कर्तबगारीने चढले. १७३२ च्या सुमारास माळव्याची वाटणी झाली तेव्हा दोघांनाही मोठे वाटे मिळाले. एकाच पायरीवरून निघालेली ही दोन माणसे होती. मत्सर उगवतो तो अशाच भूमीत. निजामाचे ऐश्वर्य पाहून होळकरांच्या मनात जळफळाट झाला नाही; तो झाला शेजारच्या तंबूकडे पाहून. भिकारी राजाचा हेवा करीत नाही, शेजारच्या भिकाऱ्याचा करतो.

१७४३ मध्ये जयपूरचे सवाई जयसिंह वारले आणि गादीचा तंटा लागला. होळकरांनी माधोसिंहाचा पक्ष घेतला. राणोजींचे पुत्र जयाप्पा यांचा ओढा ईश्वरीसिंहाकडे होता. येथवर हा केवळ राजकारणाचा मतभेद म्हणता येईल. पण १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक पुत्र खंडेराव गोळा लागून ठार झाला. किल्ला खणून त्याची माती यमुनेत टाकीन, अशी प्रतिज्ञा शोकाकुल पित्याने केल्याचे सांगतात. तेवढ्यात सूरजमल जाटाने जयाप्पांकडे संधान बांधले, तह झाला आणि वेढा उठला. मल्हाररावांची प्रतिज्ञा वाऱ्यावर राहिली. त्यांना तेव्हा जे वाटले ते दुःख होते, त्याला मत्सर म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मत्सराला घर करावयास दुखावलेले मन लागते. एकदा खरी जखम मिळाली म्हणजे त्याला आपले नाव लपविण्याची सोय होते. मनुष्य हेव्याने जळत असतो आणि स्वतःस सांगतो की, मी अन्याय विसरलेलो नाही.

पुढे शिंद्यांच्या वहीतही अशीच खाती उघडली गेली. १७५७ मध्ये दिल्लीत मराठ्यांच्या हाती सापडलेला नजीबखान मल्हाररावांच्या रदबदलीने सुटला. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ते त्याच नजीबाच्या फौजेशी लढताना. दुसऱ्या वर्षी पानिपतावर मल्हारराव रण सोडून निघाले. जनकोजी शिंदे पकडले जाऊन मारले गेले आणि महादजी पायाने जन्माचे अधू झाले. आता दोन्ही घराण्यांपाशी दाखवावयास खऱ्या जखमा होत्या.

यानंतर महादजींचा उत्कर्ष झाला. १७८४ मध्ये बादशाहीचा सारा कारभार त्यांच्या हाती आला. इकडे अहिल्याबाईंचे राज्य नीतीने नांदत होते. फौज तुकोजी होळकरांकडे होती. उत्तरेत गेलेल्या तुकोजींचे म्हणणे वाटणीचे होते: जुना पायंडा बरोबरीचा, तेव्हा नव्या मुलखातही आमचा भाग हवा. मागणी अगदीच निराधार नव्हती. परंतु तिच्या तळाशी जी वेदना होती ती मुलूख देऊन शमणारी नव्हती. बरोबरीचा मनुष्य पुढे गेला म्हणजे आपण जागच्या जागी असूनही मागे पडल्यासारखे वाटते. त्याची वाढ हीच आपली झीज भासू लागते. मत्सराची अनुभूती ती हीच. १७९३ मध्ये लाखेरीच्या घाटात शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांच्या फौजेचा मोड केला. मराठ्यांच्या दोन प्रमुख फौजांनी परस्परांचे रक्त सांडले.

महादजी १७९४ मध्ये, अहिल्याबाई १७९५ मध्ये आणि तुकोजी १७९७ मध्ये गेले. त्याच १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात तुकोजींचा पुत्र मल्हारराव याला ठार केले. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, आणि पळालेल्या बाजीरावांनी ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह केला. १८०३ मध्ये असई आणि लासवारी येथे शिंद्यांची कवायती फौज मोडत होती, तेव्हा होळकर दूर उभे होते. १८०४ मध्ये होळकर इंग्रजांशी लढू लागले, तेव्हा शिंदे तहाने बांधले गेले होते. दोघे एकत्र लढते तर जय निश्चित होता, असे मी म्हणणार नाही. इंग्रजांचा पैसा आणि शिस्त यांचे बळ मोठे होते. पण दोघांना एकेकटे गाठण्याची सोय मात्र इंग्रजांना आम्हीच करून दिली. लोभी मनुष्य निदान स्वतःचा लाभ पाहतो. मत्सरी मनुष्य दुसऱ्याचे नुकसान होताना स्वतःचे नुकसानही पत्करतो.

हा इतिहास वाचताना मला माझीच एक आठवण टोचते. सरकारी नोकरीत सेवाज्येष्ठतेची यादी ही मोठी गोष्ट असते. काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर नोकरीस लागलेल्या एका सहकाऱ्याला माझ्याआधी बढती मिळाली. मी त्याचे अभिनंदन केले, पेढाही खाल्ला. नंतर त्याच्या टिपणांतील चुका मला एकाएकी दिसू लागल्या. टिपणे पूर्वीचीच होती, आणि त्यांची मी स्वतः वाखाणणी केलेली होती. मी मनाशी म्हणत होतो, प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे. गुणांत दोष पाहणे हेच असूयेचे लक्षण जुन्या शास्त्रकारांनी सांगितले आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या ज्ञानाचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका संध्याकाळी हे सारे पत्नीजवळ बोलून दाखविल्याचा. नाव उच्चारल्याबरोबर त्या विकाराचा निम्मा जोर ओसरला. उरलेला निम्मा अधूनमधून डोके वर काढतो.

शिंदे-होळकरांच्या तीन पिढ्यांत हे नाव कोणी उच्चारले असते तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहास देत नाही. पण तत्त्वाची भाषा आपल्या तोंडी फार सहज येऊ लागली, तर शेजारच्या तंबूत आज काय साजरे होत आहे, एवढे तरी आपण स्वतःस विचारून पाहावे.